बंद घराला कांडी नाही

तीन दिवस झाले, एकच चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. अण्णा बमरोलीतल्या कुठल्यातरी चाळीचा लोखंडी जिना चढताहेत. पाचव्या-सहाव्या पायरीवर थांबतात, कठड्याला धरतात, आणि खाली उभ्या असलेल्यांना वाटतं की ते काहीतरी बोलायला थांबलेत. पण ते बोलत नाहीत. पुढचं मला दिसत नाही, कारण तेवढ्यात मी डोळे उघडते.

अण्णा म्हणजे माझे वडील, छगनअण्णा. वय शहात्तर. उधन्यातल्या आमच्या वॉर्डाचे एके काळचे नगरसेवक. एके काळचे म्हणजे चौदा वर्षांपूर्वीपर्यंतचे. आता पुढच्या महिन्यात महापालिकेची निवडणूक आहे आणि अण्णा पुन्हा उभे राहायला निघालेत. फेब्रुवारीत त्यांच्या छातीचा कार्डिओग्राम काढला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बेन, जिना, ऊन आणि भांडण. तिन्ही बंद." मे महिन्यात सुरतेत मतं मागत फिरायचं म्हणजे ही तिन्ही एकदमच आली.

महापालिकेच्या आधी आमच्याकडे एक छोटी निवडणूक होते, ती मराठी मंडळाची. आमच्या वॉर्डात मराठी घरं हजारभर. खानदेशातली जास्त, थोडी मराठवाड्यातली आणि विदर्भातली. मराठी माणसं दोन उभी राहिली की मतं फुटतात आणि तिसराच निवडून येतो, हे एकदा अनुभवल्यावर मंडळानं ठरवलं की आधी आपापसात एक नाव ठरवायचं आणि मग बाकीच्यांनी गप्प बसायचं. पक्षही तेच नाव उचलतो. ते नाव ठरतं कांडीनं. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सूत गुंडाळायची नळी. दर घराला लाल पट्टा मारलेली एक रिकामी कांडी मिळते. देवळामागच्या खोलीत पडद्याआड जितके उमेदवार तितकी पिंपं ठेवतात. ज्याला द्यायची त्याच्या पिंपात कांडी टाकायची आणि बाहेर यायचं. लिहिता-वाचता येत नसलं तरी अडत नाही.

ही पद्धत अण्णांनीच काढली, पहिल्यांदा निवडून आले त्याच्या आदल्या वर्षी. त्यातला एक नियमही त्यांचाच. गावाला गेलेल्या शेजाऱ्याची कांडी खिशात घालून लोक दोन-दोन टाकायला लागले, तेव्हा अण्णांनी देवळाच्या भिंतीवर स्वतः गेरूनं लिहिलं: बंद घराला कांडी नाही. "जो इथं नाही तो इथला नाही," असं ते तेव्हा पंचांना म्हणाले होते.

कांड्या रविवारी पडायच्या आहेत. आणि उद्या, शनिवारी सकाळी साडेआठला पंच बसणार आहेत ते हे ठरवायला, की अण्णांचं पिंप ठेवायचं की नाही. हरकत आली आहे, आणि ती त्याच नियमावर आली आहे.

अण्णा पारोळ्याकडचे. विसाव्या वर्षी सुरतेला आले, आधी मिलमध्ये आणि मग उधन्यात लूम दुरुस्त करणारे मिस्त्री झाले. लूमच्या शेडच्या मालकाच्या पोरांशी खेळून-भांडून गुजराती शिकले, आणि ते शिकणं त्यांच्या अंगाशी आलं. कोणाला रेशन कार्ड हवं, कोणाला पोलिसांनी उचललं, कोणाची बायको अडली, की लोक अण्णांकडे. गुजराती बोलायला, फॉर्म भरायला, दवाखान्यातल्या खिडकीशी भांडायला. शर्टाच्या एका खिशात अर्जाला लावायची तिकिटं असत, दुसऱ्या खिशात अंगठे उठवायची शाईची डबी. माझ्या लहानपणी त्यांच्या प्रत्येक शर्टाला डाव्या बाजूला निळा डाग होता. आई म्हणायची, "नवरा करावा तर असा, लांबून ओळखू येतो." आई जाऊन आता अकरा वर्षं झाली.

नगरसेवक झाल्यावर त्यांच्यात एवढाच फरक पडला की छत्री आली. ती उन्हा-पावसासाठी नव्हती. तिच्यावर त्यांनी टोकापासून वर फुटांच्या खुणा केल्या होत्या आणि ती गटारात घालून ते खोली मोजायचे. महापालिकेच्या सभेत एकदा एका अधिकाऱ्यानं सांगितलं की गटार चार फूट खोल साफ केलंय, तर यांनी छत्री टेबलावर ठेवली. ती दीड फुटाच्या खुणेपर्यंतच आत गेली होती, तिथवरच गाळ लागला होता. ते टेबल पुढं बराच काळ वास मारत होतं म्हणे.

दोनदा निवडून आले. पुढं माणसं बदलली, शेडवाले पुढारी झाले. नंतर दोनदा अण्णा मंडळात उभे राहिले आणि दोनदा पडले. शेवटच्या खेपेला त्यांच्या पिंपात एकोणतीस कांड्या निघाल्या. "त्यातली एक आपली," मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस घरं अजून शहाणी आहेत."

तरीही उधन्यातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीच्या दाराला कुलूप कधी नव्हतं. घरात कुलूप नावाची वस्तूच नव्हती. कडी लावून जायचे. कोणाला नड आली तर आत येऊन बसता यावं.

ते कुलूप मी लावलं. गेल्या सप्टेंबरात.

प्लेगचे दिवस होते ते. शाळा बंद झाली होती. मी मराठी शाळेत शिकवते. औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सुला संपल्या होत्या, स्टेशनवर माणसं खिडक्यांतून गाडीत शिरत होती. भेस्तानच्या आमच्या सोसायटीत सोळा घरांपैकी अकरा रिकामी झाली होती. माझ्या हर्षदाला, माझ्या एकुलत्या एका पोरीला, सकाळपासून खोकला होता. धुळीचा असेल. मी दर दहा मिनिटांनी तिच्या कपाळावर हात ठेवत होते आणि ती ओरडत होती, "आई, तू हात लावून लावून गरम करतेयस!" हे म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं गावी निघू. अण्णांना न्यायला मी उधन्याला गेले.

ते नाकाला रुमाल बांधून ओट्यावर बसले होते आणि चौघांचे अर्ज लिहीत होते.

"गावात माझं काय काम?" ते म्हणाले. "काम तर आता इथं निघालंय."

मी रडले, भांडले. ते हलले नाहीत. त्यांना मागं टाकून मी जाऊ शकत नव्हते आणि हर्षदाला तिथं आणखी एक रात्र ठेवू शकत नव्हते. मग माझ्या तोंडून ते आलं. मी ठरवून गेले नव्हते, एवढं तरी खरं आहे. मी म्हटलं, "सखुआत्याचा निरोप आलाय. घरी फोन आला होता. शेवटचं बघायला बोलावलंय."

सखुआत्या ही त्यांची एकुलती बहीण. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. काही विचारलं नाही. आत जाऊन धोतर-सदरा पिशवीत घातला आणि छत्री घेतली.

मी घरून येताना माझ्या ट्रंकेचं कुलूप काढून आणलं होतं. पितळेचं, बोटभर. दाराला ते लावताना अण्णा म्हणाले, "कुलूप कशाला?"

"चोऱ्या होताहेत."

खरं म्हणजे आम्ही निघताना कोणी दारात येऊन 'अण्णा' अशी हाक मारू नये आणि यांनी परत फिरू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

गावात आम्हाला शिरूच दिलं नाही. सुरतेहून आलेल्या सगळ्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं होतं. दहा दिवस बाहेर पडायचं नाही, रोज गोळ्या घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या पलीकडे डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ताडताड चालत एक बाई आली. सखुआत्या.

"काय रे भो, कसाले उना तू?" कशाला आलास म्हणून ती लांबूनच ओरडली. "सुरत सोडी दिधी का?"

अण्णा कुंपणाशी गेले. "तुले बरं नव्हतं ना, सखू?"

"माले? माले काय व्हयेल शे? सकायपासून दोन पाट्या शेण उचलं मी! आठे कोन मरस?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी टेकले होते. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. ते जवळ आले आणि म्हणाले, "हर्षदाचा खोकला थांबला का?"

"थांबला."

"मग झालं."

त्यानंतर आजपर्यंत तो विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशी दुपारी ते एकटे परत निघाले तेव्हा फाटकाशी काठी घेऊन बसलेल्या माणसानं अडवलं. अण्णा म्हणाले, "मी सुरतचा माजी नगरसेवक आहे." तो म्हणाला, "सुरतचे? मग तर आतच बसा." दहा दिवस ते त्या शाळेत लहान मुलांच्या बाकावर बसून होते. जेवले, गोळ्या घेतल्या, पुन्हा बाकावर जाऊन बसले.

परत आलो तेव्हा कळलं. बमरोलीतला दत्तू, मूळचा परभणीकडचा, लूमवर रातपाळी करणारा. त्याची बायको लीला आम्ही गेलो त्याच दिवशी तापानं पडली. आमच्या चाळींची एक सवय आहे, ती अण्णांनीच लावलेली: मोठ्या दवाखान्यात अण्णांशिवाय जायचं नाही. केसपेपर कोण काढणार, गुजराती कोण बोलणार? त्यातून लोक सांगत होते की जो आत जातो त्याला बाहेर सोडत नाहीत. दत्तू सोमवारी अण्णांच्या दाराशी आला. मंगळवारी आला. बुधवारी आला. गुरुवारी पहाटे लीला गेली. तो ताप प्लेगचा होता की साधा, ते कोणालाच कळलं नाही.

अण्णा त्याच्याकडे जाऊन बसून आले. मी गेले नाही. शाळा सुरू झाली होती, वह्या तपासायच्या होत्या. कारणं खूप होती.

एप्रिलमध्ये अण्णांनी मंडळात नाव दिलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "या वयात काय सुचलं?" हे म्हणाले, "अगं, माणसाला खुर्ची आठवते." मीही तसंच मानून घेतलं. पण परवा रात्री जाग आली तेव्हा लख्ख कळलं की त्यांना खुर्चीचं काही नाही. त्या दहा दिवसांत जे करायचं राहिलं ते फेडायला ते निघालेत. म्हणजे या उन्हात त्यांना मीच फिरवतेय.

दुसरा उमेदवार हेमराज. वय चाळीसच्या आत, स्वतःचे सोळा लूम, एक टेम्पो. हेमराज वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. पण प्लेगात तो इथंच राहिला. टेम्पोतून पाणी आणि कॅप्सुला वाटत फिरला. बहुतेक कांड्या त्यालाच पडणार हे सगळ्यांना माहीत आहे, अण्णांनाही. हेमराजच्या बाजूच्या पोरांनी अण्णांना 'कुलूपअण्णा' नाव पाडलं. एका सकाळी अण्णांनी दार उघडलं तर कडीला बाहेरून तीन कुलपं लटकवलेली, किल्ल्यांसकट. मी संतापले. अण्णांनी तिन्हींना तेल घातलं, उघडझाप करून पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहेत. शेजारच्या इंदुबाईच्या कपाटाला नव्हतं."

काल संध्याकाळी हेमराज स्वतः आला. मी तिथंच होते, अण्णांना डबा घेऊन गेले होते.

"अण्णा, बेसो ने. उभे कशाला?"

"माझ्याच घरात मला बसायला सांगतोस?"

"सवय झाली हो. दिवसभर लोकांना बसवतच फिरतोय." तो हसला आणि मग हसणं आवरून म्हणाला, "हरकत माझ्या माणसांनी घेतलीय. मी घ्या म्हटलं नाही, पण नका असंही म्हटलं नाही. तुमचाच नियम आहे, अण्णा. बंद घराला कांडी नाही. मग ज्याचं घर प्लेगात बंद होतं, त्याला पिंप कसं?"

"बरोबर आहे."

"असं नका ना बोलू. बरोबर काय? मी लहान होतो तेव्हा माझ्या बापाला चौकीतून सोडवून आणलं तुम्ही. तुम्ही पळणारे नाही हे मला कळतं. एक कारण सांगा. कोणी आजारी होतं, कोणी मेलं होतं, काय पण सांगा. मी मगनबापूंना सांगतो, हरकत मागे."

मगनबापू म्हणजे पंचांचे मुख्य.

"कारण नाही," अण्णा म्हणाले.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी सांगा."

मी डब्याचं झाकण लावत होते. ते बसत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णांना विचार ना, मला काय विचारतोस?"

तो गेल्यावर मी दार लोटून घेतलं. "सांगून टाका ना त्याला."

"काय सांगू? माझी पोर खोटं बोलली? तू शाळेत शिकवतेस, सुवर्णा."

"पण खरं तेच आहे."

"खरं?" अण्णांनी भाकरी मोडली. "शहात्तर वर्षांच्या माणसाला कोणी फसवून नेत नाही. तो जातो. सखू मरतेय म्हटल्यावर मी विचारलं का, फोन कोणी केला? किती वाजता केला? जन्मभर दुसऱ्यांना हेच विचारत आलो मी. तेव्हाच विचारलं नाही. मलाही जायचं असेल." आणि मग, "वरण गार झालंय."

त्या वेळी मला काय वाटलं ते इथं लिहिते, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार? मला हायसं वाटलं. माझं नाव निघणार नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे शनिवारी पंच त्यांचं पिंप उचलतील, रविवारी कांड्या पडतील, सोमवारपासून अण्णा घरात बसतील. जिना नाही, ऊन नाही, भांडण नाही. त्यांना चार दिवस वाईट वाटेल, पण ते जिवंत राहतील. बदनाम झालेले वडील मला चालतील, असा माझा हिशोब होता. मी तो मनात दोनदा करून पाहिला आणि घरी येऊन झोपले.

आज सकाळी ते म्हणाले, "बमरोलीला जायचंय. दत्तूकडे."

त्यांना एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं. मी पाण्याची बाटली, ग्लुकोज आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या घेऊन रिक्षात बसले. दत्तूची खोली वरच्या मजल्यावर. अण्णा जिना चढले, मी मागं एकेक पायरी मोजत होते. बावीस. वर पोचल्यावर ते घामाघूम झाले होते, पण उभे होते.

दत्तू रातपाळी करून आला होता, केसांत सुताचा भुगा तसाच. त्यानं खुर्ची पुसली. भिंतीवर लीलाचा लग्नातला फोटो होता, तिच्या बाजूनं कापून मोठा केलेला. दत्तूचा फक्त खांदा उरला होता त्यात.

"दत्तू, कांडी मागायला नाही आलो."

"मग कशाला आलात, अण्णा?"

"उद्या पंचात तुझं नाव निघेल. लीलाचं निघेल. आधी तुला सांगावं."

"निघू द्या की." तो खाली बसला. "हेमराजभाईची पोरं येऊन गेली. म्हणली, उद्या ये आन् सांग, तीन दिस दाराशी बसलो म्हणून. आठला पाळी सुटली की तसाच येणार हाय मी. खोटं काय हाय त्यात?"

"काहीच नाही. सांग."

खालच्या शेडमधल्या लूमच्या आवाजानं फरशी थरथरत होती.

"मला तुमचा राग न्हाई, अण्णा. मानूस भितो. मी बी भ्यालो. राग त्या कुलपाचा येतो."

"कुलपाचा?" हे मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"ताई, केवढुसं होतं ते. ट्रंकेला लावतात तसलं. मी बघितलं आन् म्हणलं, लांब जाणारा मानूस एवढंसं कुलूप लावंल का? हितंच गेले असतील, कोणाला घेऊन दवाखान्यात. येतील. लीलाला बी तेच सांगितलं. ती म्हणायची, अण्णा आले का बघून या. मोठं कुलूप असतं ना, तर म्या पहिल्याच दिशी समजलो असतो. एकट्यानं उचलून नेली असती तिला. हिंदीत बोललो असतो, हातापाया पडलो असतो."

अण्णा म्हणाले, "मी तिथं असायला हवं होतं."

मी हातातल्या बाटलीचं टोपण उघडलं आणि परत लावलं. फक्त चार शब्द बोलायचे होते: ते कुलूप माझं होतं. मी बोलले नाही. मी फोटोतल्या त्या खांद्याकडे बघत उभी राहिले.

उतरताना अण्णा जिन्यात बसले. थांबले नाहीत, बसलेच. ओठ राखेसारखे झाले होते. मी गोळी काढायला गेले तर पट्टी फुटेना. दत्तूनं ती माझ्या हातातून घेतली, दातानं फाडली, अण्णांच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि त्यांच्या मागच्या पायरीवर बसून त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली. पंधरा-वीस मिनिटं. त्या माणसानं कोणाला धरलंय ते मला दिसत होतं, आणि तो कोणासमोर बसलाय ते त्याला माहीत नव्हतं.

रंग परत आल्यावर दत्तू म्हणाला, "ताई, उद्या यांना पाठवू नका. मीच जात न्हाई पंचात. मिटलं."

"तू जा," अण्णा म्हणाले. "मीही जाणार. विचारतील तेव्हा उभं राहून 'होय' म्हणायला तरी कोणी पाहिजे."

डॉक्टरांना दाखवलं. दवाखान्यात राहायला ते तयार झाले नाहीत. आमच्याकडेही आले नाहीत. उधन्याला त्यांच्या खोलीत आहेत, हे सोबतीला तिथं झोपायला गेलेत. हर्षदा आत झोपली आहे. मी तिला दोनदा बघून आले. तिच्या श्वासाचा आवाज ऐकल्याशिवाय मला अजून झोप येत नाही, सप्टेंबरपासून.

मी पंचांना खरं सांगितलं तर काय होईल, ते मी सगळं मनात बघितलंय. हेमराज हरकत मागे घेईल. अण्णांचं पिंप राहील. पडले तर ठीक. पण लोकांचं मन फिरून ते निवडून आले तर? मग महिनाभर ऊन, सभा, जिने. शाळेत माझ्याकडे बोटं दाखवतील, तेही चालेल. मला वाटत होतं की मी अण्णांच्या जिवासाठी गप्प आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पण आज जिन्यात, ते राखेसारखे झालेले असताना, मला एका क्षणी वाटून गेलं की आता कोणाला कधीच कळणार नाही. क्षणभरच. ते वाटणं मी पाहिलं आणि तेव्हापासून अण्णांच्या छातीपेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती बसली आहे.

मी उद्या पंचांसमोर जाणार आहे. पण दत्तूनं ते तिथं, दोनशे माणसांच्या मागं उभं राहून, हेमराजच्या पोरांबरोबर ऐकायचं, हे होऊ द्यायचं नाही. त्याला ते आधी कळायला हवं, आणि माझ्याकडून. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. शिव्या देईल. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि ते मला झेपेल की नाही सांगता येत नाही. कदाचित तो उद्या येऊन अण्णांच्या विरुद्ध नाही, माझ्या विरुद्ध बोलेल. बोलू दे.

त्याची रातपाळी सुरू आहे. ह्यांच्या सुताच्या व्यवहारामुळे बमरोलीतल्या बहुतेक शेडचे नंबर आमच्या फोनशेजारच्या वहीत आहेत, त्याच्या शेडचाही आहे. ऑफिसात रात्री एक माणूस असतो. तो लूमच्या आवाजात दत्तूला शोधणार, खुणेनं बोलावणार, दत्तू लूम बंद करून येणार. पाच-सात मिनिटं तरी जातील. तेवढा वेळ मी फोन ठेवणार नाही.